वन्समोअर : कोणासाठी आणि कशासाठी?

संगीत नाटकाला आता प्रेक्षक उरलेला नाही, ही तक्रार आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारली गेली आहे की ती तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. सोलापूरपुरते बोलायचे तर ती अर्धीच खरी आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ लागले की तिसऱ्या घंटेपर्यंत पुढच्या रांगा भरतात. चिंता असली तर ती नांदीनंतरच्या तीन तासांची आहे. तान समेवर येण्याआधीच टाळ्या पडतात, पद सुरू होताच चित्रीकरणासाठी भ्रमणध्वनी उंचावतात, आणि पद संपून गद्य संवाद सुरू झाला की मंडळी चहासाठी बाहेर पडतात. ऑर्गनचा सूर कानी आला की परत जागेवर. आपण नाटकाला आलो आहोत की गाण्याच्या कार्यक्रमाला, हा प्रश्नच अशा रसिकांना पडत नाही.

या नगरीला हे शोभत नाही, असे म्हणण्यास कारण आहे. ९ सप्टेंबर १९३८ रोजी याच सोलापुरात मास्टर दीनानाथांच्या मैफलीत त्यांची थोरली कन्या प्रथमच जाहीरपणे गायली. वयाची नऊ वर्षेही तिने पूर्ण केली नव्हती. तिने खंबावती राग गायिला आणि मग वडील गात असताना त्यांच्याच मांडीवर डोके ठेवून ती व्यासपीठावर झोपी गेली. पुढे लता मंगेशकर म्हणून जगाला वंद्य झालेल्या त्या गळ्याला पहिली दाद देणारे कान सोलापूरचे होते. त्या काळचे मराठी कान संगीत नाटकावर पोसलेले होते, हे विसरता येणार नाही. बलवंत संगीत मंडळीच्या पडत्या काळाचा भार वाहणारा तो बाप नाटकवालाच होता!

संगीत नाटक म्हणजे मध्ये मध्ये गाणी पेरलेले नाटक नव्हे. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’ हा ऑपेरा पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना मराठीत असे काही करावेसे वाटले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले. चमत्कृती तेथून घेतली असेल, पण विषय कालिदासाचा आणि चाली येथल्या कीर्तनाच्या, लावणीच्या, घराघरांतल्या स्त्रीगीतांच्या होत्या. दोन वर्षांनी आलेल्या ‘सौभद्रा’त तर पद हेच संभाषण झाले. रुक्मिणीचा रुसवा आणि श्रीकृष्णाने काढलेली तिची समजूत ही पदांतूनच घडते. ती ऐकताना जो केवळ हरकती मोजतो, त्याला कृष्ण दिसत नाही, गायक तेवढा दिसतो.

मग वन्समोअर बंदच करावा काय? असा प्रयत्न युरोपात झाला आहे. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टच्या ‘फिगारो’ला इतके वन्समोअर मिळू लागले की प्रयोग लांबला. तेव्हा सम्राट दुसऱ्या जोसेफने एकाहून अधिक कंठांनी गायिलेली पदे पुन्हा गाण्यास मनाई केली. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात तर वन्समोअर निषिद्धच मानला जाई. २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने तेथे पुनरुक्ती केली, तेव्हा १९३३ नंतर प्रथमच असे घडल्याची जगभर बातमी झाली. त्याच नाट्यगृहात डिसेंबर २००६ मध्ये ‘आईदा’च्या प्रयोगात वरच्या सज्जातल्या प्रेक्षकांनी रोबेर्तो अलान्या या नामवंताची हुर्यो उडवली. तो तडक विंगेत निघून गेला आणि बदली गायकाला रोजच्या कपड्यांतच रंगमंचावर उभे राहावे लागले. कायद्याने रसिकता येत नाही आणि हुर्यो म्हणजे जाणकारी नव्हे, इतके या उदाहरणांवरून कळते. आपण दोन्ही टोकांपासून दूर राहिलेले बरे.

आपल्या परंपरेत वन्समोअर हा प्रेक्षकाचा हक्क होता. बालगंधर्वांच्या नाटकांना पहाट होई ती याच हक्कापायी. प्रत्येक आवर्तनात ते पद वेगळ्या अंगाने उलगडत, आणि हे वेगळेपण ओळखणारा श्रोता पिटातही बसलेला असे. पण हक्काला विवेकाची जोड हवी. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, फेब्रुवारी १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू दारिद्र्याने पिचलेली, दळण दळून पोट भरणारी स्त्री आहे. तिचे आक्रंदन संपताच ‘वन्समोअर’ ओरडणे म्हणजे त्या माउलीला पुन्हा रडायला सांगणे. तेथे स्तब्धता हीच दाद होय. कृष्णाच्या लाघवी पदाला मात्र खुशाल तीनदा वन्समोअर घ्यावा, रुक्मिणीची हरकत नसावी!

प्रेक्षक नुसता गाण्याने भारला न जाता नाटकाने हलला, तर काय होते? देवलांची ‘शारदा’ १८९९ साली आली आणि जरठ-बाला विवाहाचा प्रश्न घरोघरी पोहोचला. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘सारडा कायदा’ हे नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. तरी कित्येक मराठी माणसे ते नाव नाटकावरूनच आले असे समजत. ही चूक गोड आहे. पदे तोंडपाठ करणाऱ्या त्या पिढीने शारदेचे दुःखही पाठ केले होते.

आज उलटा क्रम चालला आहे. प्रेक्षक पदांपुरताच जागा असतो म्हणून मंडळी गद्य कापतात. गद्य कापले म्हणून कथा कळत नाही, आणि कथा कळत नाही म्हणून पुढच्या वेळी नाटकाऐवजी नाट्यगीतांची मैफलच ठरते. मैफलीशी वैर नाही. परंतु पाच गायक रांगेत बसवून सौभद्र होत नाही. त्याला सुभद्रा लागते, घटोत्कच लागतो, आणि त्यांची वाट पाहणारा प्रेक्षकही लागतो.

सोलापूरला हा क्रम फिरविणे इतरांहून सोपे जावे. येथे मराठीच्या बरोबरीने कन्नड आणि तेलुगू घरोघरी नांदतात. उत्तर कर्नाटकाच्या कंपनी नाटकांनी मल्लिकार्जुन मन्सूरांसारखे गवई सांभाळले. तेलुगू पद्यनाटकांत पौराणिक पद्य रंगले की प्रेक्षागृहातून ‘वन्समोअर’ याच शब्दाचा गजर होतो. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांना हा रस परका नाही. त्यांना हुतात्मा स्मृती मंदिरात आम्ही कधी आवर्जून बोलावले काय?

पूर्वी नाटक मंडळ्या प्रयोगाच्या वेळी पदांची पुस्तिका विकत. प्रेक्षक ती घरी नेऊन पदे पाठ करी आणि पुढच्या प्रयोगाला शब्दांचा जाणकार होऊन येई. आयोजकांनी तिकिटाबरोबर अशी छोटी पुस्तिका पुन्हा द्यावी. पदांचे शब्द, प्रसंगाचा दोन ओळींत खुलासा, आणि तोच खुलासा कन्नड व तेलुगू लिपींतही असावा. छपाईचा खर्च एखादी स्थानिक पेढी आनंदाने उचलेल. भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची विनंती मुखपृष्ठावरच छापली, तर तिसऱ्या घंटेनंतरची ती कंटाळवाणी सूचनाही वाचेल.