मणिबेली कुठे गेली?

दोस्तांनो, नकाशा काढा बरं! १९९८ च्या आधीचा असेल तर धुळे जिल्ह्यात, नंतरचा असेल तर नंदुरबारात बघा. अगदी वरच्या टोकाला, नर्मदेकाठी, मणिबेली.

काठची गाळाची जमीन, त्यात ज्वारी-मका, डोंगरात मोह. सरदार सरोवरामुळे बुडणाऱ्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी हे आदिवासी गाव पहिलं. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली. तिथे जमीन मिळाली, पण नदी? ती कशी मिळणार! काही मात्र हललीच नाहीत. पाणी चढलं तशी त्यांनी घरं डोंगरावर वर वर नेली. १९९३ मध्ये जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज रद्द झालं, धरण काही थांबलं नाही. २०१७ मध्ये त्याचे दरवाजे बंद झाले.

तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीतलं कुणी तुमच्या वर्गात असेल, तर विचारा, आजीचं शेत कुठे होतं गं?