‘म्हणाला’ वाचायला दुसरी का उजाडावी?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पास होणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, हे त्याचे उद्दिष्ट. आता ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचे आकडे बघा. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली सत्तावीस होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये ती वीस-एकवीसवर घसरली आणि २०२४ मध्ये पुन्हा सत्ताविसावर आली. म्हणजे सहा वर्षे फिरून गाडी पुन्हा त्याच स्टँडवर.

गुरुजी शिकवत नाहीत, पोरं मोबाईल सोडत नाहीत, ही चर्चा पारावर रोजचीच आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण वाचन अडते त्याचे एक साधे कारण नजरेआड राहते. रोजच्या वापरातले शब्द मुलाच्या डोळ्यांना फार उशिरा भेटतात.

आपण शिकलो तो क्रम आठवून पाहा. आधी मुळाक्षरे, मग बिनकान्याचे शब्द, मग काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि सगळ्यात शेवटी जोडाक्षरे. त्यामुळे पोराला ‘मगर’, ‘वजन’, ‘शहर’ लवकर वाचता येते. पण मराठीतली कुठलीही गोष्ट उघडा, तिच्यात मगर एकदा येईल, नाहीतर येणारही नाही. ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’, ‘होता’, ‘मी’, ‘पण’, ‘त्याने’, ‘म्हणून’, ‘म्हणाला’ हे मात्र ओळीओळीला भेटतील. यातल्या एकट्या ‘पण’ला तेवढी काना-मात्रा नाही. ‘त्याने’ आणि ‘म्हणाला’ तर जोडाक्षराचे, म्हणजे जुन्या क्रमाने पार शेवटच्या रांगेतले. तोवर पोराने गोष्ट वाचायचीच नाही काय? अलीकडच्या पाठ्यपुस्तकांत अक्षरगट करून काना-मात्रा लवकर आणल्या आहेत, ते चांगले झाले. पण घरी पाटी घेऊन बसवणारे आजोबा आणि जुन्या सवयीचे वर्ग अजून बाराखडीच घोकून घेतात. पोरगं ‘क का कि की’ धडाधड म्हणतं, घरचे खूश होतात, आणि पुढ्यात बातमी ठेवली की तेच पोरगं गप्प.

दुसरी अडचण आपल्या बोलीची. घरात पोरगं ‘हाय’, ‘न्हाई’, ‘व्हता’ ऐकतं. खानदेशात अहिराणी घर असेल तर ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, मालवणीत ‘आसा’. पुस्तकात येते ‘आहे’. एकेक अक्षर लावून मुलाने ‘आ-हे’ असा उच्चार केला, तरी हा आपलाच रोजचा शब्द आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. ‘बैल’ वाचला की बैल डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘आहे’चे चित्र कसे काढणार? म्हणून असे शब्द मुलाला सरळ दाखवावेत, ‘तू हाय म्हणतोस ना, ते पुस्तकात असं लिहितात’ एवढे सांगावे. बोलीवरून हसू नये. हसलेले पोर पुन्हा तोंड उघडत नाही.

हे शब्द पाहताक्षणी ओळखू आले की वाचनाला वेग येतो. निपुणच्या उद्दिष्टांत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द धरले आहेत. ‘म्-ह-णा-ला’ करत बसणाऱ्याला ते साधणार नाही. शिवाय वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात काय होती, हेच तो विसरतो.

इथे एक सावधगिरी हवी. नजरेने शब्द ओळखायचा धडा मुख्यतः इंग्रजीतून आला. एडवर्ड डॉल्च या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९३६ साली अशा २२० शब्दांची यादी केली. इंग्रजीला तिची गरजच आहे. ‘वॉज’चे स्पेलिंग डब्ल्यू-ए-एस, ‘वन’चे ओ-एन-ई, अक्षरे लावून हे शब्द सुटत नाहीत. आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्या तासाला अशी यादी जरूर वापरावी. मराठीचे तसे नाही. ऱ्हस्व-दीर्घ आणि च-ज यांचे दोन उच्चार सोडले तर आपण बोलतो तसेच लिहितो. अक्षरे पक्की असली की कधी न पाहिलेला शब्दही वाचता येतो. ही ताकद सोडून सगळेच शब्द पाठ करून घेणे म्हणजे विहिरीला पाणी असताना टँकर मागवणे. त्यातून अंदाजाने वाचायची खोड लागते. ‘घर’ आणि ‘घार’ यांतला फरक दिसत नाही. तेव्हा अक्षरे आणि काना-मात्रा रोज चालूच ठेवाव्यात, जोडीला चाळीस-पन्नास शब्द आठवड्याला चार-पाच या बेताने द्यावेत.

खर्च काही नाही. लग्नसराईतल्या पत्रिका घरोघर पडलेल्या असतात, त्यांच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने ठळक शब्द लिहावा. एका कार्डावर पोराचे स्वतःचे नाव, दुसऱ्यावर ‘आणि’, तिसऱ्यावर भावाचे नाव. कार्डे मांडून वाक्य करायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. सुटा शब्द दहादा घोकण्यापेक्षा वाक्यात तीनदा भेटलेला बरा. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबांतली काही पोरं मागे हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची फडावर जातात. त्यांचे निम्मे वर्ष बुडते. तीस कार्डांची गड्डी बोचक्यात सहज मावते, आणि बरोबरच्या मोठ्या बहिणीला वाचता येत असेल तर कोपीतही पाच मिनिटांचा सराव होतो. शाळेची जागा ती घेणार नाही. पण पोर परत आल्यावर गुरुजींना पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करावी लागणार नाही.

ग्रामपंचायतींनीही एक बघावे. शाळा रंगवायला पैसे निघतात, ‘बोलक्या भिंती’ होतात, आणि शब्द लिहिले जातात खिडकीच्या वर. पहिलीचे पोर केवढे? शब्द त्याच्या छातीच्या उंचीवर हवेत, बोट ठेवता आले पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. पुढच्या बैठकीत सही करण्याआधी त्यांनी दुसरीचे एक पोर बोलावून वाचून घ्यावे. धडा नको, तो पाठ असतो. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर चालते. फळ्यावर गावातलीच एखादी नवी गोष्ट तीन ओळींत लिहावी, तीत ‘म्हणाला’ आणि ‘त्याने’ असावेत. वाचून झाले की कोण काय म्हणाला, हेही पोराला विचारावे.