भाड्याचे घर आणि त्याची आणेवारी

केळीस अथवा कापसास भाव बरा मिळाला, म्हणजे आमच्या खानदेशातील पुष्कळ बागाईतदारांच्या मनात जळगावास किंवा धुळ्यास एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे असे येते. हा विचार मुळात वाईट नाही. परंतु भाडे हेही एक पीकच होय. आणि ज्या पिकाची आणेवारी काढली नाही, त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महसूल खात्यात आमची हयात गेली; सोळा आणे पीक आम्ही क्वचितच पाहिले. घराचेही तसेच आहे. एखाददुसरा महिना घर रिकामे राहते, घरपट्टी चुकत नाही, गच्ची गळते, रंग उडतो. म्हणून भाडे बारा आणेच धरावे.

समजा, घराची किंमत २५ लक्ष रुपये व भाडे दरमहा ८,००० आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून शेकडा सुमारे ७, म्हणजे पावणेदोन लक्ष, घरचेच घालावे लागतात. बँक कर्जासाठी किंमत धरताना ते त्यात धरीत नाही. बँकेचे १८ लक्ष, शेकडा ९ व्याजाने, १५ वर्षांच्या मुदतीने घेतले, तर हप्ता दरमहा सुमारे १८,२५० येतो. वर्षाचे हप्ते २ लक्ष १९ हजार. बारा आण्यांनी भाडे ७२ हजार. उरलेले जवळजवळ दीड लक्ष कोठून येणार? अर्थात शेतातून!

येथेच खरा धोका आहे. पैसेवारी पन्नासच्या आत आली व दुष्काळ जाहीर झाला, तर जमीन महसुलात सूट मिळते, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती मिळते. घराच्या हप्त्यास यांपैकी काहीच लागू होत नाही. पीक वर्षातून एकदा येते, हप्ता मात्र दर महिन्यास दारात उभा असतो. अशा वेळी पीककर्जाचा पैसा हप्त्यात जातो, आणि बी-खतासाठी पुन्हा सावकाराची पायरी चढावी लागते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असले, तरी घरभाडे तसे नाही. भरलेली घरपट्टी वजा जाता राहिलेल्या भाड्यात शेकडा ३० सूट मिळते, बाकीची रक्कम हिशेबात धरली जाते. दुसरे, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, व ती जबाबदारी घरमालकावर आहे. ओळखीच्या माणसाशी तोंडी बोलणे पुरेसे नाही.

तात्पर्य, मागील दहा वर्षांतील आपले सर्वांत वाईट साल आठवावे. त्या सालीही बी-बियाणे व घरखर्च भागून जेवढा हप्ता भरता आला असता, तेवढेच कर्ज काढावे. तेवढ्यात घर बसत नसेल, तर आणखी दोन हंगाम थांबावे. शहरातील घरापायी गावचे शेत गहाण पडले, तर त्या व्यवहारास गुंतवणूक म्हणता येणार नाही.