बोअर कोणी ठरवायचा?

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) बिबट्याने माणसावर हल्ला केला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते आणि दुसरी बंदुकीची. राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, अकोले या उसाच्या पट्ट्यात बिबट्या. कर्जत, श्रीगोंदा, जामखेडकडे ज्वारी-हरभऱ्यात काळविटांचे कळप. आणि रानडुकरांची तक्रार दोन्हीकडे. नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसे मारणारा बिबट्या नेमबाजांनी गोळ्या घालून मारला. तेव्हापासून चर्चा एक पायरी पुढे सरकली आहे. ‘बंदूक द्या’ एवढ्यावर आता भागत नाही. कोणत्या बोअरची, म्हणजे नळीच्या कोणत्या मापाची द्या, यावर पारावर हमरीतुमरी चालते.

एक पक्ष म्हणतो, बारा बोअरमध्ये एलजीचे काडतूस घाला, विषय संपला. दुसऱ्याला .३१५ शिवाय दुसरी रायफल ठाऊक नाही. तिसऱ्याला .३०-०६ हवी, कारण बोअर जितका दमदार तितके मरण हमखास. आणि शहरातला चौथा पक्ष म्हणतो, गोळी हा शब्दच काढू नका. चौघांचेही म्हणणे अपुरे आहे. आमचे म्हणणे एवढेच : बोअर जनावराच्या शरीराने आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाने ठरतो; तो ठरवून कागदावर लिहिण्याचे काम सरकारचे आहे, आणि ते काम झालेले नाही.

आधी कायदा साफ करून घेऊ, म्हणजे हौशी मंडळी या लेखातून भलता अर्थ काढणार नाहीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मूळ स्वरूपात परवाना घेऊन शिकार करू देत होता. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. काळवीट, चिंकारा आणि बिबट्या अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आहे. कर्जतजवळचे रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटासाठीच राखले गेले, अवघे २.१७ चौरस किलोमीटर. तेव्हा हरणासाठी कोणती रायफल घेऊ, असे कोणी विचारले तर उत्तर एका शब्दाचे : कोणतीच नाही. पण याच कायद्याचे कलम ११ माणसाच्या जिवावर उठलेले किंवा बरे होण्यापलीकडे जायबंदी झालेले जनावर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाला देऊ देते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्याबाबत तर पिकाच्या नुकसानीसाठीही परवाना मिळू शकतो. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये तसा निर्णय काढला. म्हणजे गोळी कायदेशीरपणे झाडली जाते. मग ती कोणत्या नळीतून, हा प्रश्न रानटी कसा? उलट तो न विचारणे हाच निर्दयपणा आहे. पोटात छर्रे घेऊन तीन दिवस उसात कुजत पडलेल्या डुकराला आपल्या सात्त्विक मौनाचा काय उपयोग? चौथ्या पक्षाला आमचे उत्तर एवढेच.

आता पहिला पक्ष. एलजीच्या काडतुसात पाच-सहा मोठे छर्रे असतात. बारा बोअरच्या नळीला आटे नसतात. छर्रे बाहेर पडले की फाकत जातात. चाळीस मीटरवर ते हात-दोन हात पसरतात, त्यातला एखादा लागतो, तोही कुठे लागेल ते नशीब. पोसलेल्या रानडुक्कर नराच्या खांद्यावर जाड कातडीची ढाल असते. छर्रा तिथे अडकतो आणि जनावर चालते होते. बिबट्या असा जखमी झाला तर उद्या कोळपायला येणाऱ्या बाईचा जीव धोक्यात. हे आम्हीच म्हणतो असे नाही. १९७२ च्या कायद्यात, शिकार चालू होती तेव्हा, सतरावे कलम होते : मोठे जनावर रायफलनेच मारायचे, छर्ऱ्याची बंदूक वापरायचीच तर परवान्यात खास नोंद हवी आणि काडतुसात एकच अखंड गोळी हवी. १९९१ मध्ये शिकारीचे परवाने गेले, त्यांच्याबरोबर हे कलमही गेले. पुढे परवाने मागच्या दाराने परत आले. कायद्यातली ही ओळ मात्र परत आली नाही.

त्याहून मोठी गंमत शस्त्र कायद्यात आहे. १९५९ च्या या कायद्याचे तेरावे कलम पीकरक्षणासाठी कोणते हत्यार सांगते? ठासणीची बंदूक! दारू ठासायची, वर चिंध्या, त्यावर छर्रे, आणि देवाचे नाव घेऊन चाप ओढायचा. दारूचे माप हाताच्या अंदाजाने. नेम त्याहून अंदाजाने. आवाज करून कळप हाकलायला हे साधन ठीक आहे. मारायला ते सर्वांत वाईट. एक कायदा म्हणत होता, मोठ्या जनावराला रायफलच हवी. दुसरा आजही शेतकऱ्याच्या हाती जखमी करणारे हत्यार ठेवतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

दुसरा पक्ष .३१५ चा. हे काडतूस हातात घेऊन पाहा. बुडाला बाहेर आलेली कडा, तिच्यावर बहुधा ‘केएफ’ ही अक्षरे, म्हणजे आपल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. टोकाला तांब्याच्या वेष्टनातून डोकावणारे मऊ शिसे. गोळी जवळपास सोळा ग्रामची. रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची. काडतुसाची रचना मात्र मूळची ऑस्ट्रियाच्या लष्कराची, १८९० च्या आसपासची. ती आपल्याकडे का रुजली? हरणाला योग्य म्हणून नव्हे. लष्कराची .३०३ काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत, म्हणून इंग्रज सरकारने तो बोअर नागरिकांना बंद केला आणि शिकाऱ्यांना दुसरे काही शोधावे लागले. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवरही अशीच बंदी आली. लंडनच्या कारागिरांनी ती चुकवण्यासाठी .४६५, .४७० असे नवे बोअर काढले. म्हणजे हिंदुस्थानात बोअर जनावराने कधीच ठरवला नाही, पोलिसी धास्तीने ठरवला. आजही आपले शस्त्र नियम बोअरची विभागणी करतात ती ‘निषिद्ध’ आणि ‘अनिषिद्ध’ अशी. कोणता बोअर तुमच्याकडे असता कामा नये हे तिथे लिहिले आहे. कोणता बोअर जनावरासाठी दुबळा आहे हे लिहिलेले नाही. तेव्हा .३१५ ला परंपरेची पुण्याई चिकटवू नका. शे-सव्वाशे मीटरपर्यंत ती रानडुक्कर, रोही, बिबट्या यांना पुरून उरते, हा तिचा खरा गुण. पुढे गोळी झपाट्याने खाली बसते, ही तिची खरी मर्यादा.

तिसरा पक्ष मोठ्या दमाच्या बोअरचा. त्यांना दोन नावे सांगावी लागतील. जिम कॉर्बेटने १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो .२७५ च्या रायफलने, गोळी .३१५ च्या गोळीहून कितीतरी हलकी. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकड्यांनी हत्ती याच जातीच्या ७ मिलिमीटर काडतुसाने पाडले. बोअर लहान होता, पण गोळी कुठे बसवायची ते त्यांना ठाऊक होते. जनावर मरते ते फऱ्याच्या मागे, हृदय-फुप्फुसांच्या जागी गोळी बसली तर. बिबट्यात ही जागा लहान ताटलीएवढी. जड रायफलीचा धक्का खांद्याला बसतो, तो पुन्हा बसणार या भीतीने चाप ओढताना डोळा मिटतो आणि गोळी ताटलीबाहेर जाते. मग दोष बोअरला. नाचता येईना, अंगण वाकडे!

पण लगेच उलट टोकाला धावू नका. कॉर्बेटचा दाखला देऊन ‘मग .२२ सुद्धा चालेल’ म्हणणारे असतात, आणि काळवीट चोरून मारणाऱ्यांची ती आवडती रायफल आहे, कारण आवाज कमी. .२२ ची ताकद नळीच्या तोंडाशी सव्वाशे फूट-पौंडांच्या आसपास. इंग्लंडचा हरीणविषयक कायदा (अगदी लहान जाती वगळता) हरणासाठी .२४० पेक्षा लहान बोअर आणि १,७०० फूट-पौंडांपेक्षा कमी ताकद वापरूच देत नाही. तिकडे हरणाकडे पाहून खालची मर्यादा आखली आहे. आपण माणसाच्या धास्तीने वरची आखून थांबलो.

उसाचा मुद्दा वेगळा. ‘जड गोळी ऊस कापत जाते’ ही समजूत सार्वत्रिक आहे आणि साफ चुकीची आहे. आठ-दहा फूट उंच, दाट लागलेल्या उसात कांड्याला चाटून गेलेली कोणतीही गोळी वाट बदलते. जड गोळी थोडी कमी, हलकी थोडी जास्त, एवढाच फरक. तोडणी चालू असताना फड चहूबाजूंनी लहान होत जातो, मध्ये उरलेल्या तुकड्यात बिबट्या दबून बसतो, आणि भोवती कोयते घेऊन टोळी, कोपीपाशी पोरे, बैल, ट्रॅक्टर. त्या तुकड्यात कोणत्याही बोअरने गोळी घालणे हा निव्वळ जुगार. नगरचे पठार सपाट आहे. गोळी अडवायला मागे टेकाड नाही. .३०-०६ ची गोळी वर कलून सुटली तर चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. तेवढ्या अंतरात आपल्याकडे दोन वस्त्या आणि एक शाळा सहज येते.

‘मग पोलिसांना बोलवा’ हा उपायही तपासा. लष्करी-पोलिसी गोळी बहुधा पूर्ण तांब्याच्या वेष्टनाची, न फाकणारी असते. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फाकणाऱ्या गोळ्या वर्ज्य केल्या. माणसांच्या युद्धात जी दया, तीच जनावराच्या बाबतीत क्रौर्य ठरते : गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळते आणि गोळी मागच्या रानात.

एवढे खंडन झाले. आता आम्हाला काय हवे ते सांगतो. पहिले, पारधीच्या प्रत्येक परवान्यात हत्याराची किमान पात्रता लिहा. रानडुक्कर, रोही, बिबट्या यांच्यासाठी आट्यांची रायफल, मऊ टोकाची गोळी, किमान १,७०० फूट-पौंड; .३१५ आणि .३०-०६ या दोन्ही इथे बसतात, नवी खरेदी नको. बारा बोअर चालेल तर एकाच अखंड गोळीने आणि तीस-चाळीस मीटरच्या आत. ठासणीची बंदूक आणि .२२ बाद. दुसरे, मागे माती दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. म्हणजे मचाणावरून खाली, आणि उभ्या उसात कधीच नाही. तिसरे, त्याच रायफलने, त्याच काडतुसांनी निशाणावर परीक्षा दिलेल्यालाच परवानगी. घरात रायफल आहे ही पात्रता नव्हे. चौथे, प्रत्येक गोळीचा जाहीर हिशेब : बोअर, अंतर, किती गोळ्या, कुठे लागल्या, जखमी जनावराचा माग कोणी काढला. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. देशभर वाद पेटला तो मारावे की नाही यावर. कसे मारले, किती तडफडले, हे फारसे कोणी विचारले नाही.

यावर शेतकरी संतापून म्हणेल, ‘आमची लेकरे उचलून नेतात आणि तुम्ही फूट-पौंड मोजता?’ संताप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला : चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या खोऱ्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे नांदत होते. त्यांच्या खाण्यात बहुतांश पाळीव जनावरे, आणि त्यातही सर्वाधिक वाटा कुत्र्यांचा. असे जनावर घरोघरी रायफल वाटून संपत नाही. एक मारला की त्या जागी दुसरा येतो. माणसे मारणारा जो एक असतो त्याला ओळखून, नेमका, एका गोळीत मारावा लागतो, आणि ते काम शिकलेल्या पथकाचे. शेतकऱ्याच्या हक्काची मागणी वेगळी आहे : शेतीपंपाला दिवसा वीज, म्हणजे रात्री दोनला पाणी धरायला जावे लागणार नाही, बंदिस्त गोठा, आणि नुकसानभरपाई हंगाम उलटण्याआधी हातात.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत बंदुकीचा ठराव मांडणाऱ्यांना विनंती आहे. ‘शेतकऱ्यांना रायफली द्या’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी लिहा : ‘दिवसा वीज द्या, आणि मारण्याची परवानगी द्याल तेव्हा बोअर, गोळी, अंतर आणि मारणाऱ्याची परीक्षा परवान्यावर लिहून द्या.’ ज्या परवान्यावर या चार गोष्टी नाहीत, तो परवाना जनावराला जखमी करण्याचा आणि माणसाला धोक्यात घालण्याचा आहे.