चौदाव्या वर्षापुढे कोण?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावी, किंवा तसल्या कोणत्याही खेड्यात, दहावीचा निकाल लागला म्हणजे चार दिवस पेढे वाटले जातात आणि पाचव्या दिवशी घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? पुण्यास पाठवावयाचे तर मुलाने राहावे कोठे आणि जेवावे कशावर? ज्या घरी या प्रश्नास उत्तर नसते, तेथला मुलगा कामास लागतो आणि मुलीसाठी स्थळे पाहू लागतात. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर बापाची गाठ रिकामी म्हणून शिक्षण संपते. या अन्यायाविषयी आमच्या वाचकांशी, विशेषतः व्यापारी बंधूंशी, आज चार शब्द स्पष्टपणे बोलणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल १९११ साली आणले. परकी सरकारच्या कायदेमंडळाने ते १९१२ साली फेटाळले. पुढे स्वराज्य आले आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची दिशा सरकारास दाखविली. त्या दहा वर्षांची साठ झाली! २००२ साली घटनादुरुस्ती, २००९ साली कायदा आणि १ एप्रिल २०१० पासून अंमल, असा हा प्रवास. मात्र हा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो आणि चौदाव्या वर्षी थांबतो. ज्या वयात शिक्षणाचे फळ हाती यावयाचे, नेमक्या त्याच वयात कायदा मुलाचा हात सोडतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे योग्यच झाले. परंतु फी माफ होते. भूक माफ होत नाही, आणि खोलीचे भाडेही माफ होत नाही.

ही खिंड आजवर लढविली ती लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह उघडले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती काढली; खेड्यांतून आलेल्या गरजू मुलामुलींस अल्प खर्चात राहणे व जेवण देण्याचे काम ती आजही करीत आहे. या दोघांनीही एक मर्म ओळखले होते : खेड्यातील मुलाचे शिक्षण बहुधा वर्गात अडत नाही, ते अन्न आणि निवारा यांपाशी अडते.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे. आम्ही कर भरतो, मग पुन्हा वर्गणी का द्यावी? हा आक्षेप खोटा नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच सांगितले होते की, कर रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी. दान हा हक्काचा पर्याय नव्हे, आणि ही मर्यादा अठरा वर्षांपर्यंत वाढवावी ही मागणी आपण सोडता कामा नये. पण या जून महिन्यात जी मुलगी पंधरा वर्षांची आहे, ती कायदा दुरुस्त होईपर्यंत पंधरा वर्षांची राहणार नाही. खटला चालू असता अशिलाने उपाशी राहावे, असे कोणता वकील सांगेल?

आता दान कसे द्यावे. इमारतीस देणगी द्यावयास दाते मिळतात, कारण इमारतीवर पाटी लागते. आम्ही त्या दानास कमी लेखीत नाही. परंतु पोळीवर पाटी लावता येत नाही, म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा खर्च दरसाल अडतो. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा पाच वर्षे न चुकता दिलेली लहान रक्कम मुलाच्या अधिक उपयोगी पडते. तिच्या भरवशावर संस्था त्यास शेवटपर्यंत शिकविण्याचे वचन देऊ शकते. वहीत धर्मादाय खाते लिहिण्याची रीत व्यापाऱ्यांत जुनी आहे. येत्या लक्ष्मीपूजनास नवी वही उघडताना त्या खात्यावर एका विद्यार्थ्याचे जेवण लिहावे. एकट्यास जड वाटले तर चौघांनी मिळून लिहावे. रांजणगावच्या कारखानदारांनाही आम्ही आठवण देतो की, ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्यातील दोन टक्के लोकोपयोगी कामास लावावेत, आणि त्यात आसपासच्या मुलखास अग्रक्रम द्यावा, असे २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. कवठे येमाई त्यांच्याच तालुक्यात आहे.

मात्र डोळे मिटून देऊ नये. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यान्वये नोंदलेल्या संस्थांस हिशेब ठेवावे व तपासून घ्यावे लागतात. ते निःसंकोच मागावेत. मुलांची निवड गरज पाहून होते की शिफारस पाहून? मुलींस किती जागा आहेत? घेतलेल्यांपैकी किती मुले शिक्षण पुरे करून बाहेर पडली? या प्रश्नांची सरळ उत्तरे देईल ती संस्था आपली समजावी. जी रागावेल तिला दुरून नमस्कार करावा.

राष्ट्र मोठे करण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ करतो. पण ज्या राष्ट्रात मुलाची इयत्ता बापाच्या गाठीवर ठरते, ते आपली निम्मी बुद्धी शेतात पुरून ठेवते, आणि ते पीक उगवत नाही. पुढचा निकाल लागेल तेव्हा कवठ्यातील एका तरी घरी पाचव्या दिवशीच्या प्रश्नास उत्तर तयार असावे, एवढीच आमच्या वाचकांस विनंती आहे.