पेनावरचा मुलामा



घरात कुणी सीए झालं, कुणी वकील झालं, भाऊजी निवृत्त झाले की आपल्याकडे सोनेरी शाईपेन द्यायची पद्धत आहे. मखमली डबी, आत चकचकीत पेन, आणि दोन दिवसांनी ती डबी कपाटात. माझं स्पष्ट मत आहे की हे पैसे पाण्यात जातात. निदान आम्हा समुद्रकाठच्या लोकांचे तरी.

आचऱ्यात मला चाळीस वर्षं होत आली. इथला खारा वारा कशालाच सोडत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, शिवणयंत्राच्या सुया, सगळ्यांना दर पावसाळ्यात तेल-रंग दाखवावा लागतो. पेनांचंही तसंच. पण सगळी पेनं सारखी खराब होत नाहीत, आणि टिकणं-न टिकणं किमतीवर ठरत नाही. काही पेनांचा रंग अंगचा असतो, काहींचा वरून चढवलेला. दुकानात दोन्ही सारखीच देखणी दिसतात.

सोनेरी पेन म्हणजे आत बहुतेक वेळा पितळ आणि वर सोन्याचा मुलामा. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. सोनं गंजत नाही हे खरं, पण इतक्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. दमट खारी हवा त्यातून खाली उतरते आणि खालचं पितळ हिरवट पडतं. आधी क्लिप जाते, मग टोपणाची कड, मग बोटं टेकतात ती जागा. आमच्याकडे एका नामांकित कंपनीचं असं पेन आलं होतं. डबीतून फारसं बाहेरही न काढता सहा पावसाळ्यांत क्लिपपाशी हिरवं झालं. दुकानदार म्हणाले, "काकू, वापरलं नाही म्हणून झालं." त्यात थोडं तथ्य आहे, कारण मखमल ओल धरून ठेवते. पण मग ती डबी देता कशाला?

वर आपण त्याला पितांबरी लावतो! पितांबरी समई-तांब्यांसाठी उत्तम. मुलाम्याला लावली की घाणीबरोबर सोनंही निघतं. चिंच-लिंबाचंही तेच. मऊ सुती कापड, बाकी काही नको.

क्रोमचं चंदेरी पेन इथे टोचल्यासारखं खड्डे-खड्डे होतं. हल्ली मुलांना मॅट काळी पेनं आवडतात. धरायची जागा रोज घासून गुळगुळीत होते आणि बाकीचं पेन मॅटच राहतं, म्हणजे अंगठ्याचा डाग पडल्यासारखं दिसतं. पितळेवर लॅकर चढवलेलं पेन सुरेख असतं, पण फरशीवर पडून टवका उडाला की तो भरून निघत नाही.

मी बी.कॉम. आहे, आणि घसारा हा माझा आवडता धडा होता. दोन हजारांचं मुलाम्याचं पेन सहा वर्षांत उतरलं, तर वर्षाला तीनशे तेहतीस रुपये. चारशेचं साधं ॲक्रिलिकचं वीस वर्षं चाललं, तर वर्षाला वीस. ॲक्रिलिकचा रंग आरपार एकच असतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी आतून दुसरा रंग डोकावत नाही. पार्कर ५१ हे पेन १९४१ साली बाजारात आलं, त्याची नळी याच जातीच्या प्लास्टिकची होती. त्या काळातली पेनं आजही लोक वापरतात.

आता एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवत ठेवलं की शिंगासारखं कडक होतं, ते एबोनाइट. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३०च्या दशकात स्वदेशीच्या हाकेला ओ देऊन पेनं केली, ती याच एबोनाइटची. आमच्या मामंजींचं पेनही तसलंच, काळं. दुकानाची खतावणी ते त्यानेच लिहीत. आता ते चहाच्या रंगाचं झालं आहे. एबोनाइटला ऊन आणि पाणी सोसत नाही. रंग तपकिरी किंवा शेवाळी होतो. गरम पाण्याने धुतलं तर बघता बघता होतो. म्हणून ते बुडवून ठेवायचं नाही, ओल्या फडक्याने नुसतं पुसायचं. आणखी एक घरगुती गोष्ट: त्यातलं गंधक चांदीला काळं करतं, तेव्हा एबोनाइटचं पेन चांदीच्या निरांजनाशेजारी एका डब्यात ठेवू नका.

हे पेन यंदा नातीला द्यायचं आहे, ती सीएच्या परीक्षेला बसते आहे. सूनबाईंचं म्हणणं, मुंबईला पाठवून पॉलिश करून घेऊ, पुन्हा नव्यासारखं काळं होईल. होईल, त्यात शंका नाही. एबोनाइटचा रंगही अंगचाच, वरचा थर घासला की खाली काळं आहेच. पण नळीवर मामंजींचं नाव कोरलेलं आहे. कोरीव आधीच उथळ झालंय, आणि घासताना पहिला बळी त्याचाच जाणार. सूनबाई म्हणतात, "आई, इतकं कळकट पेन तिला देणार?" मी म्हणते, काळं पेन बाजारात मिळेल, त्या नावाचं मिळणार नाही. यावर आमच्याकडे महिनाभर चर्चा चालू आहे. दोघींपैकी कुणीही आवाज चढवलेला नाही, हे पुण्य.

एका मैत्रिणीने विचारलं होतं, लाखेचं पेन चालेल का? आपल्या सावंतवाडीचं लाखकाम प्रसिद्ध आहे, म्हणून तिला शंका आली. लाख हा किड्याचा स्राव. फांद्यांवरून ती खरवडताना असंख्य जीव जातात. श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांत लाक्षावाणिज्य आहे ते उगाच नाही. मी स्वतः घेणार नाही. मात्र डबीवर 'लॅकर' लिहिलं म्हणजे लाखच, असं नाही. हल्ली बहुतेक वेळा तो रासायनिक रंग असतो. जपानी उरुशी तर झाडाच्या चिकाची असते, आणि गंमत म्हणजे तिला वाळायला दमट हवाच लागते! तिचा शत्रू ऊन. किंमत मात्र आपल्या आवाक्यातली नाही.

ज्येष्ठात श्रुतपंचमीला आपण ग्रंथ बाहेर काढतो, पुसतो, नवी वेष्टनं घालतो. त्याच दिवशी पेनंही काढावीत, पुसावीत, शाई भरून चार ओळी लिहाव्यात. नेमका पाऊस तोंडावर असतो, त्यामुळे वेळही बरी. मी परवा मामंजींचं पेन भरून पाहिलं. शाई नीट उतरते, निब मात्र डाव्या बाजूला जरा ओढते. सूनबाईंनाही लिहून बघायला दिलं. त्यांनी आधी नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग म्हणाल्या, "निब तरी बदलूया." तेवढं मी मान्य केलं आहे.