शिकार एकाची, ओझे दुसऱ्याचे

वाघ मारला की छायाचित्र निघत असे. मेलेल्या जनावराच्या मस्तकावर पाय ठेवून, बंदूक आडवी धरून साहेब किंवा राजेसाहेब उभे राहत; त्यांच्या मागे उघड्या अंगाने हाकेकऱ्यांची रांग उभी असे. छायाचित्राखाली बंदूकवाल्याचे नाव येई, वाघाची लांबी फूट-इंचांत येई. रांगेतील एकाही माणसाचे नाव येत नसे. जुन्या वाड्यांच्या आणि क्लबांच्या भिंतींवर ही छायाचित्रे आजही टांगलेली आहेत. ज्या धम्मबांधवांना ती पाहण्याचा प्रसंग येईल, त्यांनी मनाशी एकच प्रश्न विचारावा: छायाचित्र काढून झाल्यावर पुढे काय झाले?

पुढे खरे काम सुरू झाले. गोळी झाडण्यास एक क्षण लागतो; त्यानंतरचे काम मात्र रात्रभर पुरते. आपल्या हवेत मेलेल्या जनावराचे कातडे काही तासांतच बिघडू लागते, केस सुटू लागतात. म्हणून वाघ बांबूला बांधून आठ-दहा माणसांच्या खांद्यांवरून तळावर आणावयाचा, कंदिलाच्या उजेडात त्याचे कातडे सोलावयाचे, आतील चरबी खरवडून काढावयाची, मीठ-तुरटी चोळावयाची आणि कातडे सावलीत ताणून वाळवावयाचे. सांबर किंवा गवा असेल तर पोट फाडून कोथळा बाहेर काढावयाचा, मांसाचे भाग करावयाचे आणि ते वाहून न्यावयाचे. मोठा गवा सातआठशे किलो भरतो. तो कोणी एकट्याने उचलीत नाही. हे सर्व चालू असता बंदूकवाले तंबूत हातपाय धुऊन बसलेले असत. कातडे पुढे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या प्रसिद्ध कारखान्यात जाई आणि तेथून जबडा वासलेला वाघ परत येई. त्याखालच्या पाटीवरही नाव बंदूकवाल्याचेच. रात्रभर सुरी चालविणाऱ्याच्या हाताचा वास त्या पाटीला लागत नसे.

आपण पाणातिपातापासून विरत राहण्याचे शील घेतलेली माणसे. शिकारीची वाखाणणी करण्याचे आपणांस कारण नाही, आणि या देशात ती आता कायद्यानेही राहिलेली नाही. 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. मग मेलेल्या विषयावर शाई कशाला खर्चावयाची, असे कोणी म्हणेल. शिकार मेली हे खरे. तिच्यातील कामाची वाटणी मेली की नाही, हे पाहावयाचे आहे. त्या वाटणीत जातिव्यवस्थेचा सबंध हिशेब उघडा पडतो. जीव घेणारा हात उच्च ठरला. त्याच जीवाचे कातडे सोलणारा, आतडी धुणारा, ओझे वाहणारा हात मात्र नीच ठरला. हिंसा करणाऱ्यास क्षात्रधर्माचा मान आणि हिंसेनंतरची घाण काढणाऱ्यास विटाळ! पाप-पुण्याचा असा उलटा तराजू जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

स्वातंत्र्यानंतरही हा तराजू लगेच मोडला नाही. राजेरजवाड्यांचे दिवस संपले, तसे धनिक परदेशी पाहुणे येऊ लागले. त्यांच्यासाठी शिकारीच्या सहली आखणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतील एक नामांकित कंपनी, ॲल्विन कूपर, नागपूरचीच होती. ज्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो माणसांनी मेलेल्या जनावरांशी जखडलेले जिणे मागे टाकले, त्याच शहरातून त्याच काळात पाहुण्यांना वाघाच्या शिकारीस नेण्याचा व्यवसाय चालत होता. पाहुण्याने पैसे भरले की वाटाड्या, माग काढणारा, स्वयंपाकी, कातडे सोलणारा हे सर्व त्यात आले. सोलणारा कोठून आणावा, याचा शोध कंपनीस करावा लागला नसेल. तो शोध मनूने आधीच करून ठेवला होता.

आता दुसरी एक रीत पाहू. उत्तर अमेरिकेत, अलास्कात व रॉकी पर्वतात, आजही वाटाड्या घेऊन मोठ्या जनावरांची शिकार होते. तेथे मूस नावाचे प्रचंड सांबर असते. एका नराचे खाण्याजोगे मांस दोनशे-अडीचशे किलो निघते, आणि ते पडलेले असते गाडीरस्त्यापासून कोसभर दूर दलदलीत. एका माणसाच्या पाठीवर तीस-चाळीस किलोपेक्षा जास्त जात नाही. म्हणजे सहा-सात खेपा आल्या. अलास्काचा कायदा सांगतो की खाण्याजोगे मांस टाकून देणे हा गुन्हा आहे, आणि मांस हलविण्याआधी शिंगे घेऊन चालते होता येत नाही. आधी ओझे, मग शोभा! तेथील वाटाड्या परवाना घेतलेला, लेखी करार केलेला, रोकड मजुरी घेणारा माणूस असतो. फाडण्याचे आणि वाहण्याचे काम कोणाचे, हे निघण्यापूर्वीच बोलून ठरते. करारात ते वाटाड्याकडे असले तरी पुष्कळ पाहुणे बाह्या सारून कामाला लागतात: एक पाय ताणून धरतो, दुसरा सुरी चालवितो, एक मांस पिशव्यांत भरतो, दुसरा पाठीवर चढवितो. ज्याने गोळी झाडली त्याने निदान एक खेप तरी वाहावी, अशी तेथे जनरीत आहे. नुसता उभा राहून पाहणाऱ्याविषयी मागाहून चांगले बोलले जात नाही.

यावरून गोरा मनुष्य स्वभावतःच समतावादी असतो, असे कोणी समजू नये. तोच गोरा आफ्रिकेत शिकारीस गेला की माग काढणारे काळे, सोलणारे काळे, आणि छायाचित्रात पुढे बसलेला गोरा. केनियाने 1977 साली शिकारच बंद केली. पण आफ्रिकेत जेथे ती चालू आहे तेथे सोलणाऱ्यांची छपरी आजही पाहुण्यांच्या तंबूपासून अंतर राखून असते. म्हणजे गुण कातडीचा नाही, समाजरचनेचा आहे. ज्या ठिकाणी फुकटचा किंवा स्वस्तातला दबलेला माणूस हाताशी असतो, त्या ठिकाणी कोणाचीही पाठ ओझ्याखाली वाकत नाही. जेथे तो नसतो, तेथे लक्षाधीशही मांडी खांद्यावर घेऊन चिखल तुडवितो आणि त्यात त्याची अब्रू जात नाही.

आपल्या डहाणू-तलासरी भागाला बंदुकीपेक्षा वेठ अधिक परिचित होती. जमीनदार-सावकारांच्या शेतावर आधी फुकट राबावयाचे आणि मग आपल्या तुकड्याकडे वळावयाचे. अधिकारी मुक्कामास आला की त्याचे सामान वाहावयाचे, लाकूडफाटा आणावयाचा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही जन्मभर सावकाराचे ‘लग्नगडी’ होत असत. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1939 च्या आपल्या अहवालात हा प्रकार सरकारपुढे मांडला. अहवाल कपाटात गेला. पुढे 23 मे 1945 रोजी झरी येथे, जे गाव आज तलासरी तालुक्यात आहे, वारली एकत्र जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. बारा आणे रोजाची आणि 500 पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपयांची मागणी पुढे आली. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड व त्याचे साथी प्राणास मुकले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सर्व इतिहास लिहिला आहे. तो प्रत्येक बौद्ध घरात वाचला गेला पाहिजे. ते आंदोलन लाल बावट्याचे होते, निळ्या निशाणाचे नव्हते, म्हणून त्याकडे पाठ फिरविणे करंटेपणाचे होईल. वारल्यांची वेठ आणि आपली येसकरकी या एकाच आईच्या मुली. संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठबिगार गुन्हा ठरली, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, आणि कागदावर तरी दोघींचेही दिवस भरले.

वेठ टाकली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो ऐकून आपलीही माणसे कधी कधी गप्प होतात. ‘त्यांचा त्यात फायदाच होता’ हा तो युक्तिवाद. हाकेकऱ्यास मांस मिळे, सोलणाऱ्यास बक्षिसी मिळे, महारास मेलेल्या ढोराचे कातडे, शिंगे, हाडे मिळत; मग तक्रार कसली? महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तेव्हा ‘केसरी’त कोणा विद्वानाने या फायद्याचा वार्षिक हिशेब रुपयांत मांडून दाखविला होता. नागपूर येथे 15 ऑक्टोबर 1956 रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकीगत सांगितली आहे. त्यांचे उत्तर सरळ होते: एवढा फायदा दिसत असेल तर तो तुम्हीच घ्या, ढोरे तुम्हीच ओढा, आणि वर माझ्या पदरचे 500 रुपये घेऊन जा. ते रुपये न्यावयास कोणी आल्याचे ऐकिवात नाही.

या उत्तराकडे बारकाईने पाहिले पाहिजे. मजुरी वाढवा, एवढीच मागणी बाबासाहेबांनी केली असती तर तो विद्वान कदाचित दोन आणे वाढवून मोकळा झाला असता. त्यांनी ओझेच त्याच्यापुढे सरकविले. कोणत्याही कामाची खरी किंमत तेव्हाच कळते, जेव्हा ते आपल्या खांद्यावर येण्याची शक्यता निर्माण होते. तोपर्यंत ते काम ‘त्यांचे’ असते, ‘त्यांना सवय असते’, ‘त्यांना त्याचे काही वाटत नाही’.

आपल्या भागाला लागून असलेल्या गुजरात राज्यातही हेच घडले. 11 जुलै 2016 रोजी ऊना तालुक्यातील मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गोरक्षक म्हणविणाऱ्यांनी उघड्यावर झोडपले. त्यानंतर सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कचेरीसमोर आणून टाकली: तुमची माता, तुम्हीच उचला. बाबासाहेबांचे उत्तर साठ वर्षांनी पुन्हा दिले गेले, या वेळी शब्दांवाचून. एप्रिल 2018 मध्ये त्या मार खाल्लेल्या कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आज या पानांवर नजर फिरविणाऱ्या अनेक कुटुंबांप्रमाणे तेही नवदीक्षितच.

येथपर्यंत वाचताना आपल्या वाचकांना समाधान वाटले असेल, कारण बोट दुसऱ्याकडे होते. आता ते थोडे आत वळवू. आपण ढोरे ओढणे टाकले, येसकरकी टाकली, फार योग्य केले. मात्र आपल्यातील ज्यांना नोकरी लागली, पक्के घर झाले, दारी मोटारसायकल आली, त्यांच्या घरच्या लग्नात बोकड कापला जातो तेव्हा काय होते? कापणारा हौसेने पुढे येतो. पण आतडी धुण्यास, मुंडी-पाय भाजून खरवडण्यास, रक्ताची जागा सारवण्यास कोणास हाक जाते? पुष्कळदा पाड्यावरच्या वारली बाईस जाते, आणि तिला शेवटी पानावर काय वाढले जाते हे पाहण्यास यजमान थांबत नाही. ‘तिला मटण देतो, पन्नास-शंभर रुपयेही देतो’ असे वर सांगण्यात येते. हा ‘केसरी’तल्या विद्वानाचाच हिशेब आहे, फक्त तो आता आपल्या ओसरीवर बसून मांडला जात आहे.

मजुरीने माणूस लावू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या मजुरीवरच उभ्या आहेत आणि रोजगार हा पाड्याचा हक्क आहे. परंतु मजुरी आधी ठरावी, ती रोकड असावी, उष्ट्याशी तिचा संबंध नसावा. आणि ज्या कामास आपण मजूर लावतो त्या कामास आपलाही हात लागत असावा. अलास्कातील वाटाड्यास पैसे मिळतात आणि तरीही पाहुणा पाठीवर खेप घेतो. या दोन गोष्टी एकत्र नांदतात तेव्हाच मजुराचा नोकर होत नाही, आणि नोकराचा गडी होत नाही.

घरात तर दुसऱ्या जातीची बाई बोलवावी लागत नाही. आपली आई, आपली पत्नी, आपली सून आहेच. कार्यक्रमात भाषण पुरुषाचे, बिल्ला पुरुषाचा, छायाचित्रही पुरुषाचेच. आणि मध्यरात्री राखेने कढया घासणारे हात बायकांचे. भिंतीवरील शिकारीचे छायाचित्र आणि आपल्या जयंतीचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे. कोण पुढे आहे, कोण मागे आहे, आणि कोण छायाचित्रात मुळीच नाही?

14 एप्रिलच्या जेवणावळीसाठी विहाराच्या फळ्यावर कामाच्या पाळ्या लिहिल्या जातात. वाढण्याच्या पाळीत नावे घालण्यास गर्दी होते. खरकटे उचलण्याची, कढया घासण्याची आणि सतरंज्या-भांडी टेम्पोत चढविण्याची पाळी मात्र कोरी राहते, किंवा तेथे ‘महिला मंडळ’ एवढेच लिहिले जाते. पुढच्या वर्षी फळा लिहिण्यास या कोऱ्या रकान्यापासून सुरुवात करावी. पहिले नाव अध्यक्षांचे, दुसरे चिटणिसांचे, तिसरे त्या दिवशीच्या प्रमुख वक्त्यांचे. वक्ते मुंबईहून येणार असतील तर त्यांना पत्रातच तसे कळवावे, म्हणजे ते परतीची शेवटची गाडी पकडण्याची घाई करणार नाहीत.